बाको राष्ट्रीय उद्यानातला शनिवार-रविवार : विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सारावाक राज्यात, कुचिंग या राजधानीच्या शहरापासून सुमारे ३७ किलोमीटरवर, समुद्रात शिरलेल्या एका द्वीपकल्पाच्या टोकाला बाको राष्ट्रीय उद्यान आहे. १९५७ साली घोषित झालेले हे सारावाकमधले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत कांदळवन, पुळण, समुद्रकड्यांवरची झुडपे, दलदलीचे रान, उंच वृक्षांचे वर्षावन आणि पठारावरचे खुरटे रान असे सगळे प्रकार एकमेकांना लागून आहेत. मोजका पैसा आणि मोजका वेळ असलेल्या विद्यार्थ्याला दोन दिवसांत उष्ण कटिबंधातला किनारा इतक्या जवळून पाहता येईल, अशा जागा जगात फार नाहीत.

मात्र येथे जाणारे बहुतेक जण सहलीचे नियोजन उलट्या क्रमाने करतात. सुट्टी कोणत्या तारखेला आहे, बस किती वाजता सुटते आणि खोली मिळते का, हे ते आधी पाहतात, आणि भरती-ओहोटीची आठवण त्यांना धक्क्यावर उभे राहिल्यावर होते. उद्यानापर्यंत रस्ता नाही. शेवटचा टप्पा बोटीनेच पार करावा लागतो. ती बोट कोठे लागेल, तुम्ही कोरड्या पायांनी उतराल की गुडघाभर पाण्यातून चालत जाल, दुपारी कोणते प्राणी दिसतील आणि रविवारी परत कधी निघता येईल, या सर्वांचा निर्णय समुद्राचे पाणी करते. म्हणून प्रथम भरती-ओहोटीचे कोष्टक उघडावे आणि बाकीचे सगळे त्यानंतर ठरवावे.

भरतीचे कोष्टक कसे वाचावे

सारावाकचे सागरी खाते दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करते, आणि फोनवरच्या साध्या ॲपमध्येही कुचिंगजवळच्या किनाऱ्याच्या वेळा मिळतात. त्यातली नोंद खुद्द कुचिंग शहराची नसून समुद्रकिनाऱ्याची आहे, याची खात्री करून घ्यावी. नदीच्या मुखापासून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. शिवाय शहराच्या खालच्या अंगाला सारावाक नदीवर बंधारा आहे, त्यामुळे शहरातल्या नदीकाठच्या फिरण्याच्या जागी उभे राहून पाण्याकडे पाहिले तर समुद्रात काय चालले आहे याचा अंदाज येत नाही.

एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे आज जी भरती सकाळी साडेदहाला असेल ती उद्या सव्वाअकराच्या पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या पुढच्या एकदोन दिवसांत उधाण असते, म्हणजे पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असतो. या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून कोष्टकातली केवळ वेळ न पाहता तिच्या शेजारची मीटरमधली उंचीही पाहावी. ज्यांचे बालपण कोकणात गेले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, पण पठारावर वाढलेल्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

माझ्या मते, ज्या शनिवारी पूर्ण भरती सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान असेल तो शनिवार सर्वांत सोयीचा. सकाळी पाणी भरलेले असल्याने बोट थेट उद्यानाच्या धक्क्याला लागते. दुपारी चार ते पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी येते, आणि लांब नाकाची माकडे खाण्यासाठी कांदळवनात उतरतात तीही साधारण हीच वेळ असते. दुसऱ्या दिवशीची भरती अकरा ते बाराच्या दरम्यान असल्याने दुपारी बारापर्यंत परतीची बोट अडचणीशिवाय निघू शकते. याच्या अगदी उलट स्थिती असेल, म्हणजे शनिवारी सकाळी दहाला पाणी तळाला गेलेले असेल, तर सहल रद्द करण्याचे कारण नाही. मात्र बोट किनाऱ्यापासून दूर थांबेल, पाण्यातून चालावे लागेल आणि चिखलातले जीव पाहण्यासाठी रविवारी सकाळची ओहोटी साधावी लागेल, हे गृहीत धरावे. कोणत्या कारणाने एकच पर्याय निवडायचा झाला, तर उधाणापेक्षा भांगाच्या आसपासचे दिवस नवख्यांना सोपे जातात. चिखलपट्टा कमी उघडा पडतो, पण बोटीचा खोळंबाही कमी होतो.

महिना कोणता असावा

कुचिंगच्या परिसरात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोरडा असा महिना येथे नाहीच. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वारे वाहतात, समुद्र खवळलेला असतो आणि बोटी काही वेळा बंद ठेवाव्या लागतात. शक्य असल्यास एप्रिल ते सप्टेंबर या काळातली तारीख धरावी. त्या महिन्यांतही दुपारी जोरदार सर येऊ शकते, म्हणून लांबची चाल नेहमी सकाळी उरकावी. उद्यान विषुववृत्ताच्या दोन अंशांच्या आत असल्याने दिवसाची लांबी वर्षभर जवळजवळ सारखीच राहते: सूर्योदय साडेसहाच्या आसपास आणि सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. येथे संधिप्रकाश रेंगाळत नाही. सूर्य बुडाला की अर्ध्या तासात दाट अंधार होतो, आणि रानात तर त्याहीआधी.

नोंदणी, कागदपत्रे आणि पैसे

उद्यानात मुक्कामासाठी वसतिगृहासारख्या खोल्या, छोटी घरे आणि तंबूची जागा आहे, आणि त्यांचे आरक्षण सारावाक फॉरेस्ट्री कॉर्पोरेशनच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. शनिवारच्या रात्री लवकर भरतात. शाळांच्या सुट्ट्या आणि लागून आलेले सण असतील तर फारच लवकर. खोली मिळाली नाही म्हणून एका दिवसात जाऊन येण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. तो वाईट नाही, परंतु पहाट, संध्याकाळ आणि रात्र या तिन्ही वेळा त्यात हातच्या जातात, आणि बाकोचे निम्मे वैभव त्याच वेळांत आहे. त्यापेक्षा आठवडाभर थांबून मुक्कामाचे आरक्षण मिळवलेले बरे.

मलेशियाच्या मुख्य भूमीवर, म्हणजे क्वालालंपूर किंवा पेनांगला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विसरू नये: सारावाकचा स्वतःचा प्रवेश-नियंत्रण कक्ष आहे. देशांतर्गत विमानाने आलात तरी कुचिंगच्या विमानतळावर पासपोर्ट दाखवावा लागतो. मूळ पासपोर्ट बरोबर असावा, त्याची छायाप्रत वेगळ्या पिशवीत असावी, आणि विद्यार्थी ओळखपत्रही घ्यावे. प्रवेशशुल्कात एखादी सवलत आपल्याला लागू होते का, हे खिडकीवर विचारण्यात कमीपणा नाही. बोटीसाठी, उपाहारगृहासाठी आणि रात्रीच्या फेरीसाठी रिंगिटच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात, कारण उद्यानात एटीएम नाही आणि मोबाइलला नेटवर्क मिळेलच याची खात्री देता येत नाही.

बोटीचे भाडे वाटून घेता येत असल्याने चार-पाच जणांचा गट सर्वांत किफायतशीर पडतो. एकटे जात असाल तर धक्क्यावर थोडा वेळ थांबावे. शनिवारी सकाळी आपल्यासारखेच कोणी ना कोणी भेटते.

सामान : थोडे, पण विचार करून

दोन दिवसांसाठी पाठीवरची एकच पिशवी पुरते. तिच्या आत जाड प्लॅस्टिकची किंवा ड्रायबॅगची आतली पिशवी असावी, कारण बोटीत लाटांचे पाणी उडते आणि उतरताना तोल गेला तर पिशवी सरळ समुद्रात जाते. फोन, पासपोर्ट आणि रात्रीचे कपडे या आतल्या पिशवीत घालावेत.

पायात काय घालावे, यावर विद्यार्थी नाहक पैसे खर्च करतात. सारावाकमध्ये जंगलात काम करणारे लोक आणि डोंगर चढणारे स्थानिक तरुण रबराचे, तळाला खुंट्या असलेले स्वस्त काळे बूट वापरतात. त्यांना थट्टेने ‘आदिदास कांपुंग’, म्हणजे गावठी आदिदास म्हणतात. ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या वालुकाश्मावर त्यांची पकड महागड्या बुटांपेक्षा चांगली असते, ते भिजले तरी झटकून वाळवता येतात आणि कुचिंगच्या साध्या दुकानांत मिळतात. आतून लांब मोजे मात्र घालावेत, नाहीतर टाचा सोलून निघतात. पाण्यातून उतरण्यासाठी मागे पट्टा असलेली सॅंडल वेगळी घ्यावी. अनवाणी उतरू नये. गढूळ पाण्याखाली शिंपल्यांच्या धारा आणि रुतलेली लाकडे दिसत नाहीत.

याखेरीज डोक्याला बांधायचा दिवा, पातळ रेनकोट, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लवकर वाळणारा सदरा, डास पळवणारे मलम, टोपी, जखमेसाठी पट्ट्या व जंतुनाशक, ओआरएसच्या पुड्या आणि माणशी किमान दोन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या घ्याव्यात. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही आणि शरीरातले पाणी किती गेले याची जाणीव उशिरा होते. डोके दुखू लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने घोट घ्यावा. गटात एक तरी दुर्बीण असावी. हे चैनीचे सामान नव्हे: माकडे झाडांच्या शेंड्यांवर असतात, आणि फोनच्या कॅमेऱ्यात ती तपकिरी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाहीत.

कुचिंगहून धक्क्यापर्यंत, आणि धक्क्यापासून पुढे

कुचिंगच्या जुन्या बाजारपेठेच्या भागातून बाको गावाकडे, म्हणजे कांपुंग बाकोकडे, बस जाते. ती स्वस्त आहे, पण तिच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात आणि शक्यतो पहिल्या बसने निघावे. चौघे असाल तर ॲपवरून बोलावलेली गाडी फार महाग पडत नाही आणि पाऊण तासात पोहोचवते. परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकरच सुटते, हे लक्षात ठेवावे. गावातून परतताना ॲपवर गाडी मिळायला वेळ लागू शकतो.

गावच्या धक्क्यावर एका खिडकीत उद्यानाची नोंदणी होते आणि दुसरीकडे बोटीचे तिकीट मिळते. बोट लहान असते, पाच-सहा माणसांची. नावाड्याशी परतीची वेळ येथेच पक्की करावी, बोटीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याचा फोन नंबरही घ्यावा. तो सांगेल ती वेळ कोष्टकाशी ताडून पाहावी, पण मतभेद झाल्यास त्याचेच ऐकावे. कोष्टक पाण्याची उंची सांगते. वाळूचा बांध गेल्या महिन्यात कोठे सरकला आहे हे नावाड्यालाच ठाऊक असते. लाइफ जॅकेट अंगावर चढवून बांधावे, मांडीवर धरून बसू नये.

नदीच्या मुखातून बाहेर पडल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तेलोक आसाम या उपसागराशी बोट पोहोचते. येथेच उद्यानाचे मुख्यालय आहे. पाणी असेल तर बोट धक्क्याला लागते. नसेल तर नावाडी उथळ पाण्यात इंजिन बंद करून उतरा म्हणतो. अशा वेळी पॅंट आधीच गुडघ्यावर दुमडलेली असावी, पिशवी दोन्ही खांद्यांवर घट्ट असावी आणि पाय उचलून टाकण्याऐवजी तळ चाचपत, घासत पुढे न्यावा. वाळूत दडून बसलेल्या पाकट या काटेरी शेपटीच्या माशाला त्यामुळे चाहूल लागते आणि तो बाजूला होतो.

मुख्यालयात गेल्यावर कोणती वाट चालणार आणि केव्हा परतणार याची नोंद वहीत करावी लागते. ही औपचारिकता समजू नये. संध्याकाळी नोंदवही तपासूनच कोण परतले नाही हे कळते. परत आल्यावर आपल्या नावापुढे खूण करायची राहिली तर कर्मचाऱ्यांना विनाकारण शोधायला निघावे लागते.

कोणती वाट कधी चालावी

उद्यानात लहानमोठ्या सोळाहून अधिक आखलेल्या वाटा असून झाडांवर रंगाच्या खुणा केलेल्या आहेत. दोन दिवसांत सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. अंतर किलोमीटरमध्ये वाचून फसगत होते, कारण वाट म्हणजे बरेचदा मुळांची नैसर्गिक शिडी असते आणि तासाला दीड-दोन किलोमीटरहून अधिक वेग टिकत नाही.

शनिवारी खोलीत सामान टाकून, थोडे खाऊन तेलोक पांदान कचिलची वाट धरावी. जाण्यास दीड तास पुरतो. सुरुवातीची चढण दमवते, पण ती संपल्यावर रान एकदम बदलते: उंच झाडे मागे राहतात, पायाखाली पांढरी वाळू येते आणि डोक्यावर सावली उरत नाही. वालुकाश्माच्या या पठारावर मातीचा थर पातळ आणि निःसत्त्व असल्याने झाडे खुरटी राहतात, आणि काही वनस्पतींनी नायट्रोजन मिळवण्यासाठी कीटकांना पकडण्याचा मार्ग पत्करला आहे. वाटेच्या कडेला घटपर्णी पाहण्यासाठी येथे मुद्दाम थांबावे. नेपेंथिस ग्रासिलिस ही सडपातळ घटांची जाती झुडपांवर चढलेली दिसते. तिच्या घटावरच्या झाकणाच्या खालच्या बाजूला मध असतो, मुंगी तेथे उलटी लटकून तो चाटते, आणि वरून पावसाचा टपोरा थेंब झाकणावर आपटला की त्या हादऱ्याने ती खालच्या पाण्यात पडते. नेपेंथिस ॲंप्युलारियाचे गोलमटोल घट मात्र सावलीच्या जागी जमिनीलगत झुबक्याने असतात, आणि त्यांत मुख्यतः वरून पडलेला पालापाचोळा कुजतो. घटात बोट घालून पाहू नये, तोडू तर मुळीच नये. मुंग्यांना आपल्या फुगीर खोडात घर देणाऱ्या वनस्पतीही याच पट्ट्यात झाडांच्या फांद्यांना लगडलेल्या आढळतात.

पठाराच्या कडेवरून खाली एकाकी पुळण आणि लाटांनी कोरलेले कडे दिसतात. उतरून तेथे बसावे, खडकांवरचे मधाच्या पोळ्यासारखे खळगे आणि लोहामुळे उमटलेल्या तांबूस रेषा पाहाव्यात, परंतु पोहण्याचा विचार करू नये. हा नदीमुखांचा प्रदेश आहे, येथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि उद्यानाने तशा सूचनांचे फलक लावले आहेत. पाणी शांत आहे, दुसरे कोणी पोहत आहे, आपण काठालाच राहू, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे नाही. मगर काठालाच असते.

दुपारी साडेतीनच्या आत परत मुख्यालयाकडे यावे, कारण खरा खेळ आता सुरू होतो. ओहोटी लागली की तेलोक आसामचा चिखलपट्टा उघडा पडतो, आणि लाकडी पुलावरून चालत कांदळवनाच्या आत जाता येते. तेलोक देलिमा आणि तेलोक पाकू या जवळच्या वाटाही याच वेळेसाठी राखून ठेवाव्यात. प्रत्येकीला एका बाजूने पाऊण ते एक तास लागतो. पुलावर एका जागी अर्धा तास न बोलता थांबावे. पहिली पाच मिनिटे चिखल निर्जीव वाटतो. मग एकेका बिळातून फिडलर खेकडे वर येतात. नराची एक नांगी शरीराएवढी मोठी असते आणि तो ती मादीला दिसावी म्हणून वरखाली हलवत राहतो, तर खाण्याचे काम दुसऱ्या चिमुकल्या नांगीने चाललेले असते. त्यांच्यामध्ये निवटे गालांत पाणी भरून, परांवर रेलत, टुणटुण उड्या मारत फिरतात. हा मासा ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो, म्हणून अधूनमधून डबक्यात लोळून अंग भिजवून घेतो. चिखलातून वर आलेल्या शेकडो बोटभर श्वसनमुळांकडेही याच वेळी लक्ष जाते. पाणी आल्यावर यातले काहीच दिसणार नसते.

लांब नाकाची प्रोबोसिस माकडे फक्त बोर्निओ बेटावर आढळतात. ती दिसण्याआधी ऐकू येतात: नराचा घोगरा, नाकातून काढलेला आवाज आणि फांद्या जोरात हलल्याची सळसळ. नर २० किलोच्या आसपास वजनाचा, तांबूस-करड्या रंगाचा आणि पांढऱ्या शेपटीचा असतो. मादी त्याच्या निम्म्याने. कोवळी पाने आणि कच्ची फळे पचवण्यासाठी त्यांच्या जठराला कप्पे असतात, त्यामुळे पोट नेहमी फुगलेले दिसते. ती लाजाळू आहेत. त्यांच्या झाडाखाली जाऊन हाका मारल्यास कळप निघून जातो आणि मागून येणाऱ्यांचीही निराशा होते. त्यांच्याच आसपास रुपेरी वानरांचे कळप असतात. त्यांची नवजात पिले मात्र चमकदार नारिंगी असतात, त्यामुळे राखाडी आईच्या पोटाशी बिलगलेले पिलू लांबूनही ओळखू येते.

रविवारी पहाटे, उजाडता उजाडता, पुन्हा कांदळवनाकडे एक फेरी मारावी. ज्यांची परतीची बोट दुपारी आहे आणि ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी सहा किलोमीटरच्या आतली लिंतांगची वर्तुळाकार वाट घ्यावी, जी उद्यानातल्या जवळपास सर्व प्रकारच्या वनांतून फिरवून आणते. तिला तीन ते चार तास लागतात आणि पठारावरचा भाग उन्हाचा असल्याने सातपूर्वी निघावे. बोट बाराच्या आत असेल तर तांजुंग सापीची छोटी, खडी चढण पुरे. दूरच्या तेलोक लिमाऊचा मोह शनिवार-रविवारच्या सहलीत टाळावा. ती दिवसभराची चाल आहे आणि परत येण्यासाठी बहुधा वेगळी बोट ठरवावी लागते.

माकडे, डुकरे, साप

उद्यानात चोरी होते ती लांब शेपटीच्या मॅकाक माकडांकडून. प्लॅस्टिकच्या पिशवीचा नुसता आवाज त्यांना पुरतो. खाद्यपदार्थ हातात घेऊन चालू नये, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नयेत, आणि खोलीची खिडकी पाच मिनिटांसाठीही उघडी टाकू नये. माकड समोर आल्यास त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, दात दाखवून हसू नये आणि पाठ फिरवून पळू नये. सावकाश मागे सरावे. एखादी वस्तू त्याने घेतलीच तर ओढाताण करू नये. सारावाकमध्ये २०१७ पासून रेबीजचा प्रादुर्भाव झालेला आहे, त्यामुळे कोणत्याही प्राण्याने चावा घेतला वा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी कुचिंगला जाऊन डॉक्टरांना दाखवावे. सहल अर्धवट राहते म्हणून हे पुढे ढकलू नये.

मुख्यालयाभोवती दाढीवाली रानडुकरे फिरताना आढळतात. ती माणसाला सरावलेली वाटली तरी पाळीव नाहीत. पिले बरोबर असतील तर अंतर राखावे. हिरवा चापडा हा विषारी साप वाटेच्या कडेच्या फांदीवर एकाच जागी दिवसेंदिवस वेटोळे करून बसतो, आणि कर्मचाऱ्यांना बहुधा त्याची आजची जागा माहीत असते. विचारल्यास ते दाखवतात. त्यापासून धोका असतो तो न पाहता फांदीला हात लावणाऱ्याला, म्हणून चढताना कठड्यावर आणि फांदीवर हात ठेवण्यापूर्वी नजर टाकण्याची सवय पहिल्या तासातच लावून घ्यावी.

रात्र आणि जेवण

उपाहारगृहात भात, नूडल्स, भाज्या आणि अंडी असे साधे जेवण मिळते. शाकाहारी विद्यार्थ्यांनी भाजी मागवताना ‘बेलाचान’ नको असे स्पष्ट सांगावे. हे कोळंबीचे आंबवलेले वाटण सारावाकमध्ये हिरव्या भाज्यांतही घालतात, आणि मिदिन नावाची नेच्याची कोवळी भाजी तर बहुधा त्यातच परततात. उपाहारगृह रात्री लवकर बंद होते, म्हणून जेवण आणि दुसऱ्या दिवशीचे पाणी यांची व्यवस्था अंधार पडण्यापूर्वी करावी.

रात्री उद्यानाचे कर्मचारी अल्प शुल्कात फेरीवर नेतात. तिच्यासाठी आपले नाव दुपारीच नोंदवावे. एकट्याने दिवा घेऊन रानात जाऊ नये. परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी सरावलेल्या डोळ्यांना जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. खोडाला चिकटलेला कोलुगो (झाडावरून झाडावर तरंगत जाणारा सस्तन प्राणी), पानाखाली झोपलेला पक्षी, चमकणाऱ्या डोळ्यांचे कोळी, झाडाच्या ढोलीतला बेडूक, हे सर्व ते दहा पावलांवरून ओळखतात. प्राण्याच्या डोळ्यांवर थेट झोत धरू नये आणि फ्लॅश बंद ठेवावा.

परतताना आणि परतल्यावर

खोली सोडताना कचरा आपल्याबरोबर कुचिंगला न्यावा. शंख-शिंपले, घटपर्णीचे घट, रंगीत खडे यांपैकी काहीही उचलू नये; राष्ट्रीय उद्यानातून ते नेणे हा गुन्हा आहे, आणि रिकामा वाटणारा शंख बहुधा एखाद्या शंखवासी खेकड्याचे पुढचे घर असतो. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी धक्क्यावर उभे राहावे. पाणी ओसरू लागले असेल तर नावाडी थांबू शकत नाही, आणि ती बोट चुकली तर पुढची मिळेपर्यंत भरतीची वाट पाहावी लागेल, म्हणजेच रविवारची बस आणि सोमवारचे पहिले व्याख्यान दोन्ही जाईल. परतीच्या विमानाचे तिकीट रविवारी रात्रीपेक्षा सोमवारी सकाळचे काढणे शहाणपणाचे.

कपडे आणि बूट त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवावेत, कारण मीठ आणि चिखल सुकल्यावर निघत नाहीत. अंगावर, विशेषतः घोट्यांजवळ वाळूमाशांचे चावे दोन दिवसांनी अधिक खाजतात. खाजवून जखम करू नये. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर तो थकव्याचा म्हणून अंगावर काढू नये. सारावाकमध्ये डेंग्यू आहे, आणि मॅकाक माकडांमधून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी नावाचा मलेरियाही आहे, जो वेळेवर न ओळखल्यास वेगाने वाढतो. डॉक्टरांकडे गेल्यावर बोर्निओच्या जंगलात राहून आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि तारखाही द्याव्यात.